खिळ्यानं मिटलेलं तोंड

डॉक्टरीणबाईंनी एक चपटी लाकडी पट्टी माझ्या दातांच्या फटीतून आत सरकवली आणि घशाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकवली. दुसऱ्या कुणालाही त्यानं उमासा आला असता. माझा जबडा मात्र पट्टीवर खाटकन मिटला. मी मुद्दाम चावले नव्हते. उघडावा म्हटलं तर तो उघडतही नव्हता. बाईंनी पट्टी ओढली नाही. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "टिटॅनस आहे. धनुर्वात."

टिटॅनस हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. धनुर्वात मात्र आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्यानं ओल्या बाळंतिणी गेलेल्या होत्या, नाळ पडायच्या आत कोवळी पोरं गेलेली होती. त्यातून परत आलेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. ह्यांनीही पाहिलेलं नव्हतं. हे भिंतीला टेकून खालीच बसले.

"वाचंल न्हवं बाई?"

"आज काही सांगू शकत नाही. पण आणलंत हे चांगलं केलंत. हिच्या हातापायाला काही लागलं होतं का? काटा, काच, काही?"

"न्हाय वो. काय बी न्हाय."

मला बोलता येत नव्हतं. मी उजवा पाय थोडा वर उचलला. तळव्यावर मसुराएवढा एक काळा ठिपका होता. जखम केव्हाच भरून आली होती, म्हणून मी घरात तिचं नावही काढलं नव्हतं. बाईंनी वाकून बघितलं, अंगठ्यानं दाबलं आणि त्यांच्या तोंडावर मला पहिल्यांदा जरा आशा दिसली. शत्रू कुठं दडलाय ते त्यांना कळलं होतं.

हे मी सांगते ते कौतुक म्हणून नाही. ज्यांचं पोट वखारीत, गोदामात, मालाच्या राशीत हातपाय घालून चालतं, त्यांनी हे ऐकावं असं मला वाटतं. ज्यांच्या घरात असं माणूस अंथरुणाला खिळलं असेल त्यांनीही ऐकावं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. घरात माग. हे साड्या विणायचे, मी त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली तसं सूत मिळेनासं झालं. सूत नाही तर कांडी नाही, कांडी नाही तर माग नाही. म्हणून मी पेठेतल्या एका सावकारांच्या वखारीत कामाला लागले. पुढं त्यांचं मोठं दुकान होतं. कंदील, काचेच्या चिमण्या, बरण्या, साबण, काड्यापेट्या, शिवाय गूळ आणि धान्य. दुकानात मांडलेलं असायचं त्याच्या दसपट मागं वखारीत असायचं.

रेल्वेनं आलेल्या लाकडी पेट्या घोडागाडीतून वखारीच्या आतल्या अंगणात उतरायच्या. आम्ही बायका पेट्या फोडायचो, पेंढ्यातून काच काढायचो, पुसायचो आणि थप्पी लावायचो. लढाईमुळं खिळेही मिळत नव्हते. त्यामुळं पेटीच्या फळ्यांतले खिळे काढून, ठोकून सरळ करून ठेवायची रीत पडली होती. पण ते काम सवडीचं. तोवर फळ्या कोपऱ्यात पडून राहायच्या, खिळे आभाळाकडं तोंड करून. त्यांच्यावर पेंढा, पेंढ्यावर घोड्याची लीद. आणि आम्ही सगळ्या अनवाणी. माल म्हणजे लक्ष्मी, तिथं पायताण घालून जायचं नाही, हे कुणी सांगावंही लागत नव्हतं.

त्या दिवशी चिमण्यांची पेटी दोन्ही हातांत धरून मी चालले होते. पायाखालचं दिसत नव्हतं. खिळा तळव्यात शिरला आणि फळी पायाला अडकून वर आली. मी पेटी खाली ठेवली, मग फळी ओढून काढली. चिमणी एकही फुटली नाही याचंच मला बरं वाटलं. रक्त थेंबभर आलं. तानुबाई म्हणून माझ्याबरोबर काम करायची, तिनं हळद आणि गोडं तेल गरम करून लावलं, चिंधी बांधली. दोन-चार दिवसांत दुखायचं थांबलं. आमच्यात प्रत्येकीला कधी ना कधी असा खिळा लागलेला होता.

आठवडा उलटून गेल्यावर एक दिवस भाकरीचा घास तोंडात घालताना जबडा आखडल्यासारखा वाटला. अक्कलदाढ असेल म्हणून लवंग धरली. दुसऱ्या दिवशी मान वळेना. पाणी गिळताना घशात अडकायला लागलं. पोट फळीसारखं कडक झालं. सकाळी आक्काच्या हातून तांब्या फरशीवर पडला आणि त्या आवाजासरशी माझी पाठ कमानीसारखी उचलली गेली. डोकं आणि टाचा तेवढ्या जमिनीला. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्यातच राहायची.

गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं, "बाहेरचं हाय गं, देवऋषी बघा." हे गोंधळून गेले. आक्का दारात उभी राहिली आणि म्हणाली, "देवाचं मागनं बघू, परशा. आदी टांगा आण. आन् टांगेवाल्याला सांग, घोडं पळवायचं न्हाय."

टांग्यातला तो रस्ता मला आयुष्यभर विसरता येणार नाही. चाक खड्ड्यात गेलं की अंग ताणलं जायचं. ओरडावं तर तोंड मिटलेलं.

दवाखान्यात आधी त्यांनी मला झोपेचं औषध दिलं, मग इंजेक्शनची तयारी केली. अँटिटॉक्सिन सीरम. बाईंनी ह्यांना ते समजावून सांगितलं, मीही ऐकत होते. या रोगाचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदेत असतात. ते जखमेत बसून विष तयार करतात आणि ते विष नसांना जाऊन चिकटतं. त्या विषाचा उतारा म्हणजे सीरम, आणि तो घोड्याच्याच रक्तातून काढतात.

"घोड्याचं रगत?" हे दचकले.

"रक्त नाही, रक्तावरचं पाणी म्हणा. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात. त्याच्या अंगात उतारा तयार होतो. जे विष हिच्या नसांना चिकटलंय ते यानं सुटणार नाही. पण नवं चिकटू देणार नाही. मधला वेळ आपण हिला सांभाळायचं."

आधी एक थेंब टोचून बघितलं, अंगाला सोसतंय का ते. मग मोठं इंजेक्शन. त्यानंतर पायाचा तो ठिपका कापून उघडला. आतून गोणपाटाच्या धाग्याएवढी पेंढ्याची काडी निघाली. बाईंनी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, ताकासारखा फेस आला. म्हणाल्या, "या जंतूंना हवा नको असते. वरून बुजलेली जखम त्यांना बरी. उघडी, धुतलेली जखम त्यांना मानवत नाही." हे मी पक्कं लक्षात ठेवलं. भरून आलेली जखम बरी झालेलीच असते असं नाही.

मला व्हरांड्याच्या टोकाच्या एका लहान खोलीत ठेवलं. खिडकीला काळं घोंगडं लावलं. उजेड नको, आवाज नको, हात लावायचा तोही सांगून. कारण कशानंही झटका यायचा. दार वाजलं की झटका, कावळा ओरडला की झटका. झटक्यात पोटऱ्या, पाठ, मान सगळं एकदम आवळलं जायचं आणि चेहऱ्यावर हसू यायचं. दात दिसायचे, भुवया वर जायच्या. ते हसू नव्हतं, तोंडाचे स्नायू ओढले जात होते. आक्कानं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा पदर तोंडात कोंबून ती बाहेर गेली.

औषध होतं पॅराल्डिहाइड. त्यानं गुंगी येते आणि स्नायू सैल पडतात. त्याचा वास असा उग्र, की खोलीतल्या भिंतींनाही तो लागला होता. अन्न नाकातून घातलेल्या रबरी नळीनं. दूध, पेज, साखरेचं पाणी.

ह्यांना खोलीत काही करता येत नव्हतं, म्हणून ते खोलीबाहेर करत राहिले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळली. कडीकोयंड्यात कापूस भरला. व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून सांगायचे, "वाईच हळू वो. आत आमचं मानूस हाय." विणकराचा माणूस, दिवसभर मागाच्या खटखटाटात वाढलेला, तो माझ्यासाठी आवाज वेचून वेचून बाजूला काढत होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. धनुर्वातात माणूस शुद्धीवर असतं. बोलता येत नाही, डोळे मिटलेले असतात, म्हणून लोकांना वाटतं त्याला काही कळत नाही. मला सगळं कळत होतं. गल्लीतल्या दोघी बघायला आल्या आणि माझ्या उशाशी कुजबुजल्या, "ऱ्हात न्हाय ही. पोरगीचं हाल हुनार." माझी चंपी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. ते ऐकलं आणि मला झटका आला. बाई धावत आल्या. त्या दोघींना बाहेर नेऊन त्यांनी हळू आवाजातच, पण अशा शब्दांत सुनावलं की पुन्हा कुणी आत आलं नाही. तुमच्या घरात असं माणूस असलं तर त्याच्या उशाशी जगण्याचंच बोला. ते ऐकत असतं.

एका दुपारी झटका छातीत शिरला. बरगड्या आवळल्या आणि श्वास जागच्या जागी थांबला. हवा आत जाईना, बाहेर येईना. कानात समुद्र वाजायला लागला. मला वाटलं, झालं. त्या वेळी खोलीत नर्सबाई होत्या, गोकाककडच्या. त्यांना मराठी मोडकीतोडकी यायची. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाल्या, "अंजबेड, अव्वा, अंजबेड." भिऊ नको, बाई. मग कानडीत मोजायला लागल्या. वंदु, येरडु, मूरु. अगदी संथ, जसं लेकराला थोपटताना मोजावं तसं. एका हातानं त्या इंजेक्शन देत होत्या आणि आवाज मात्र तसाच संथ. मी त्या आकड्यांना धरून राहिले. पुढचा आकडा ऐकायचा, मग त्याच्या पुढचा. कुठल्या आकड्याला छाती सुटली ते आठवत नाही. पण हवा आत आली, आणि तिला पॅराल्डिहाइडचा वास होता, आणि तो वास मला गोड लागला.

त्यानंतर झटके विरळ व्हायला लागले. मधेच अंगभर गांधी उठल्या, सांधे सुजले. हे परत घाबरले, नवीनच काय आलं म्हणून. बाई म्हणाल्या, "सीरम सिकनेस. घोड्याचं औषध अंगाला परकं, म्हणून अंग तक्रार करतंय. उतरेल." चार दिवस खाजवून जीव नकोसा झाला, आणि उतरलं.

जबडा सगळ्यात शेवटी सुटला. बाई रोज येऊन माझ्या दातांमध्ये करंगळी घालून बघायच्या. आधी करंगळीचं टोक, मग करंगळी, मग अंगठा. त्यांनी लाकडाची एक लहान पाचर दिली होती, ती दातांत धरून रोज थोडं थोडं तोंड उघडायचं. दुखायचं. पण ज्या दिवशी आक्कानं ताकभात मऊ कालवून बोटानं माझ्या तोंडात घातला आणि मी तो चावला, त्या दिवशी आम्ही दोघी हसलो. ते माझं स्वतःचं हसू होतं.

याच दिवसांत सावकार दवाखान्यात आले. व्हरांड्यातच उभे राहिले. ह्यांच्याकडं माझी चौकशी केली. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमची वखार मला एकदा बघायला मिळेल का?"

पुढचं मला तानुबाईनं सांगितलं. बाई आल्या, साडी वर खोचून अंगणात उभ्या राहिल्या. गाडीचा घोडा, लीद, पेंढा, उलट्या फळ्या, आमचे पाय, सगळं बघितलं. म्हणाल्या, "सावकार, तुमच्याकडं खिळा, लीद आणि उघडा पाय हे तिन्ही एकाच जागी आहेत. यातलं एक जरी बाजूला काढलंत तरी माझं काम हलकं होईल."

सावकार म्हणाले, "घोडा भाईर ठेवतो बाई. खिळं बी लगेच काढायला लावतो. पायताणाचं मात्र हुनार न्हाय. धान्य हाय तितं. माझी आई अजून वखारीच्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहते."

बाईंनी त्यावर वाद घातला नाही. "तुमच्या आईंना विचारून बघा," एवढंच म्हणून गेल्या.

सावकारांनी खरंच विचारलं. म्हातारीनं काय सांगितलं, तर धान्याची कोठी वेगळी आणि पेट्यांची पडवी वेगळी करा, मधे उंबरा घाला. उंबऱ्याच्या आत लक्ष्मी, तिथं अनवाणी. उंबऱ्याच्या बाहेर काच न् खिळे, तिथं पायताण. सावकारांचं इतके दिवस जे अडत होतं ते एका उंबऱ्यानं सुटलं.

मी घरी आले तेव्हा चंपी आक्काच्या मागं लपली. माझा चेहरा अजून ताठच होता, तिला तो ओळखीचा वाटेना. मी बोलावलं नाही. रोज तिच्या जवळपास बसत राहिले, भाजी निवडत, गुणगुणत. एक दिवस ती आपणहून आली आणि दोन्ही हातांनी माझे गाल ओढून बघायला लागली. ओढू दिले.

थोडं सूत मिळालं होतं, पण हे मागावर बसत नव्हते. मला खटखट सोसणार नाही म्हणून. मीच म्हटलं, "बसा की वो. मला आता कायबी हुत न्हाय." धोटा पहिल्यांदा फिरला तेव्हा मी श्वास धरला. माग वाजला. अंग शांत राहिलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि माग चालू झाला.

दोन महिन्यांनी मी वखारीत परत गेले. लोकांनी वेड्यात काढलं. पण आमचं त्यावरच चालत होतं, आणि मला बघायचंही होतं. पडवीत एकही फळी उलटी नव्हती. पेटी उघडली की आधी खिळे काढून डब्यात, मगच पेंढ्याला हात. घोडागाडी फाटकाबाहेर. काचेच्या पेट्यांची थप्पी खांद्याच्या वर नाही, म्हणजे पेटी काढताना वर बघावं लागत नाही, पायाखालचं दिसतं. उंबऱ्याबाहेर चांभाराकडून करून आणलेल्या जाड तळाच्या वहाणांची रांग.

वहाणांवरून पहिले दिवस फार गंमत झाली. कुणाला सवय नव्हती. वाजायच्या, घसरायच्या. तानुबाई म्हणायची, "आमी काय कॅम्पातल्या मडमा व्हय गं?" आणि मडमेसारखी चालून दाखवायची. दोघी-तिघी सावकार नसले की काढून ठेवायच्या. मी माझा पाय उलटा करून तळव्यावरचा कापल्याचा वण दाखवायची, त्या निमूट घालायच्या.

शेवटी जे ठरलं होतं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. कुणाला काही टोचलं, कापलं तर तिनं तिथल्या तिथं सांगायचं. हजेरी कापायची नाही. जखम साबणानं धुवायची, आयोडिन लावायचं, वरून दडपून बांधायचं नाही, आणि खोल असेल तर त्याच दिवशी दवाखाना. रोग उठल्यावर सीरम द्यायचं तर ती झुंज असते. आधी दिलं तर नुसतं एक इंजेक्शन. एवढंच बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं होतं की एकदा होऊन गेला म्हणून धनुर्वात पुन्हा होणार नाही असं नसतं. म्हणून माझीही सुटका नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात शेवंता नावाची जांबोटीकडची नवी बाई कामाला लागली. फाटकाबाहेर गाडीतून पेटी उतरवून घेताना तिच्या हाताला फळीचा खिळा लागला, चांगला खोल. तिनं हात पदरात लपवला नाही. सरळ पडवीत येऊन मोठ्यानं म्हणाली, "मला खिळा लागलाय. आता काय करायचं?"

सगळ्या उठल्या. एकीनं पाणी ओतलं, एकीनं साबण लावला. मी तिच्याबरोबर टांग्यात बसले. बाईंनी जखम उघडून धुतली, थेंबभर टोचून बघितलं, मग सीरम दिलं. बाहेर पडताना शेवंता कुरकुरत होती. "खिळ्यापरास तुमच्या बाईची सुईच जास्त दुखती. उगंच आनलं मला एवड्या लांब."

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. तिसऱ्या दिवशी आली. आठवडा गेला, पंधरवडा गेला, मी रोज डब्यातली भाकरी खाताना तिच्या तोंडाकडं बघायची. ती भलीमोठी जांभई द्यायची, घास मोडायची, बडबडायची. तिला काहीच झालं नाही. त्या खिळ्याचं ती पुढं विसरूनही गेली, आणि कधी मी आठवण काढलीच तर म्हणायची, "कुठला गं खिळा?"

मी नुसती हसायची आणि तिच्या पुढ्यात माझ्या डब्यातली चटणी सरकवायची.